मामांचा बिनभिंतींचा रस्ता

भूकंपाला वर्ष होत आलं होतं. लातुरात माणसं भेटली की आधी भिंतींची खुशाली विचारायची, मग घरच्यांची. अशा गावात मी बारावीसाठी नांदेडकडच्या उमरीहून मामांकडे राहायला आले. शिकवणी दोन गल्ल्या पलीकडे. सायकलवर टांग टाकली की पोचलंच.

पण मामा! "ताईनं पोर माझ्या भरवशावर ठेवली हाय," म्हणत ते स्कूटर काढायचे आणि मी सायकलवर त्यांच्या मागं. वाटेत दुमजली घर नको, दगडी भिंत नको, पाण्याची टाकी तर नकोच. असा रस्ता म्हणजे अर्ध्या गावाला प्रदक्षिणा, तीही ट्रक धावणाऱ्या हमरस्त्यावरून! का, तर तिथं डोक्यावर पडण्यासारखं काही नव्हतं. आणि शिकवणी कुठं? तिसऱ्या मजल्यावर!

सर वेळ झाली की आतून कडी लावायचे. उशिरा आलेल्यांनी जिन्यात बसून दाराआडचं भौतिकशास्त्र टिपायचं. मी इतक्यांदा जिन्यात बसले की सर म्हणाले, "पुन्हा उशीर झाला तर सरळ उमरीची गाडी धर. तुझ्या जागेसाठी रांग लागलीय."

दुसऱ्याच दिवशी मामा एका कुंपणाची भेग बघायला थांबले.

"मामा, चला ना!"

"थांब गं. वाढायलीय ही."

"आणि माझं वर्ष चाललं त्याचं काय?"

मी सायकल वळवली आणि दुमजली घरांच्या गल्लीतून सुसाट सुटले. पहिला बाक मिळाला. कडी लागली. थोड्या वेळानं दार धडधडलं.

"माझी भाची आत हाय का?"

सर आतूनच गरजले, "उशिरा येणाऱ्यांनी जिन्यात बसायचं!"

मामा तास संपेपर्यंत जिन्यात बसले. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाले, "उद्यापासून एकटी जात जा."

मी त्या रात्री हवेत होते. सकाळी राणीसारखी निघाले, तर कोपऱ्यावरचा पानवाला उठून ओरडला, "निघाली हो!" पुढं गिरणीवाला पिठाळलेल्या हातानं रस्ता दाखवत, "आली, आली, पुढं सोडली!" कंपाउंडर खिडकीतून, "पोरी, डाव्या बाजूनं!" अख्खी गल्ली मला हातोहात पुढं ढकलत होती. कडी लागायच्या आत पोचले, पण दातओठ खात. शिकवणीखालच्या एसटीडीवाल्यानं मला बघताच फोन फिरवला.

"साहेब, पोचली बघा. पण लई रागात दिसायलीय."