पार्मिनच्या गावचे बुद्ध

कोराडीच्या कॉलनीत चंद्रभान मेश्रामांना आम्ही पोरं वेल्डरकाका म्हणायचो. १९७९ साली ते वीज केंद्रातून रजा काढून सौदी अरेबियात दम्मामला गेले, दोन वर्षांच्या करारावर. तिथल्या गोष्टी सांगायला लागले की त्यांच्या बशीतला चहा निवून जाई.

खोलीत दुमजली खाटा होत्या. काकांच्या खालच्या खाटेवर पार्मिन, इंडोनेशियाचा पाइप फिटर. पहिल्याच शुक्रवारी त्यानं खिशातून एक फोटो काढला आणि म्हणाला, "इस्त्री." काकांनी मुकाट्यानं पेटीतली कपड्यांची इस्त्री काढून त्याच्या हातात दिली. पार्मिन पोट धरधरून हसला. त्याच्या भाषेत बायकोला इस्त्री म्हणतात!

"म्हणजे आपली स्त्रीच की गा ते," काका सांगत. मग दोघांना नादच लागला. नाव म्हणजे नामा, भूमी म्हणजे बुमी. असे शब्द आणि मोडकं हिंदी, यावर त्यांचं निभत गेलं.

काकांच्या पेटीच्या झाकणाला आतून बुद्धाचं चित्र चिकटवलेलं होतं. छप्पन साली आईचं बोट धरून त्यांनी दीक्षा घेतली होती. परमुलखात मात्र ते चित्र कोणाला दाखवत नसत. एकदा झाकण उघडं राहिलं आणि पार्मिन नेमका समोर. काका झाकण लावायला उठले.

पार्मिन चित्राजवळ वाकला. म्हणाला, "बोरोबुदूर!" त्याच्या गावाजवळ टेकडीएवढं दगडी देऊळ होतं. तिथं असेच पाचशे बुद्ध बसलेले. परदेशी यायच्या आधी तो तिथं मजूर होता. खचलेल्या भिंतींचे दगड उतरवायचे, त्यांवर नंबर टाकायचे, पुन्हा बसवायचे. दुपारी त्या मूर्तींच्या सावलीत भात खायचा.

"पण तू तं मुसलमान ना गा?"

"हो. पण ते आमच्या गावचे आहेत."

पार्मिनचा करार आधी संपला. बसमध्ये चढताना त्यानं काकांचं पूर्ण नाव पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केलं. त्या बुद्धांपुढं जाऊन हे नाव घेईन, म्हणाला. काकांनी नंतर दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही.

घरी परतल्यावर काकांनी आईला, तुळसाबाईंना, त्या देवळाबद्दल सांगितलं. पाचशे बुद्ध ऐकून तिनं हात जोडले.

"तुले कोणं सांगतलं हे?"

"मुसलमान दोस्त होता माय, माह्या खोलीतला."

"मंग त्याले घरी काहून नाही आणलं?" माय रागावलीच. "दोन घास जेवला असता."