रक्त कुणाच्या घरचं

भाद्रपदात पोटरीला आलेल्या भाताला एक दुधाळ, कोवळा गंध असतो. कळंबला माझ्या माहेरच्या शेतावरून तो ओसरीपर्यंत येतो, तेरड्याच्या ओल्या देठांच्या वासात मिसळतो, आणि गौर घरात आली हे मिटल्या डोळ्यांनाही कळतं. यंदा मात्र त्या गंधाने मन निवलं नाही. मी आतून पेटलेली होते.

चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. त्याआधी आई गेली, मग थोरली ताई, दोघीही त्याच दुखण्याने. आईने तर लावणीपासून झोडणीपर्यंत ती गाठ पदराआड लपवली, घराला बोल नको म्हणून. माझी दर वर्षीची तपासणी जवळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ह्या वेळी रक्तही तपासू. दोष वंशातून आलेला असेल तर उरलेल्या स्तनावर अधिक बारीक नजर ठेवावी लागेल, आणि भावाला, त्याच्या मुलीलाही सावध करावं लागेल; कारण हा दोष पुरुषाच्या रक्तातूनही पुढच्या पिढीत उतरतो.

खरं सांगते, मला काहीच नको होतं. पुन्हा त्या थंड यंत्रापुढे उभं राहायचं, निकाल येईपर्यंत ताटातला भात चिवडत बसायचं, वीट आला होता ह्या सगळ्याचा. पळसदरीला माझ्या सासरीही सगळ्यांचं हेच म्हणणं, की बरी झालीस ना, मग कशाला साप म्हणून भुई धोपटतेस? वर सासूबाईंचं ठरलेलं पालुपद होतंच, हे काही आमच्याकडचं नव्हे, तुझ्या माहेरचं.

माहेरचं तर माहेरीच सांगावं, म्हणून गेले. धाकट्या भावाची मुलगी पल्लवी तेरड्याची गौर हातात घेऊन उंबऱ्यावर उभी होती. भावजयीने तिच्या पायांवर पाणी घातलं, विचारलं, गौर आली ती कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या, रुप्याच्या, धनधान्याच्या, असं पल्लवी लाजत सांगत होती. माहेरवाशीण देवीने काय काय आणलं ह्याची अख्खं घर इतक्या कौतुकाने चौकशी करत होतं, आणि दुसरी माहेरवाशीण, म्हणजे मी, कोपऱ्यात माझं ओझं घेऊन बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही.

जेवणं उरकल्यावर भावाला, सुरेशला, पडवीत गाठलं आणि डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या कपाळावर आठी. पल्लवीला बघायला खालापूरहून माणसं येणार होती, त्यांच्या कानावर असलं काही गेलं तर पोरीचं काय व्हायचं?

"आक्का, तू आता दिल्या घरची," तो म्हणाला. "तुझं दुखणं तुझ्या घरी ठेव. हितं आमच्यात काय नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासर म्हणतं माहेरचं, माहेर म्हणतं सासरचं. माझ्या मेल्या रोगाला कुणी दारात उभं करीना! लग्नात कुठलं भांडं कुणी दिलं हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवणारी ही माणसं, त्यांना रक्ताचाच तेवढा विसर पडावा? एकाच आईच्या पोटची आम्ही तिघं. तिचं नाक ह्याला, तिची चाल ह्याला, तिने राबून राखलेलं शेत ह्याला, आणि हे एवढं मात्र फक्त लेकींना? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं त्याला सुनावलं आणि पिशवी उचलली.

पल्लवी रिक्षापर्यंत सोडायला आली. दोन्ही बाजूंना भात वाऱ्याने लवत होतं, उतरतं ऊन त्याच्यावर मऊ पसरलं होतं. मी रिक्षात बसले तेव्हा तिने दांडीला धरलं.

"आत्या, माझ्यात पण असंल का गं?"

मला ठाऊक नव्हतं. ते कळायची वाट आधी माझ्या रक्तातून जात होती, एवढं ठाऊक होतं. तपासणी करायची की नाही, हा माझा इतक्या दिवसांचा घोळ त्या रिक्षात मिटला.

तपासणीच्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर अंगणात मोटारसायकलला टेकून सुरेश उभा. अडवायलाच आला असणार. चार कडक शब्द माझ्या जिभेवर तयारच होते.

"पोरीच्या आधी माझं बघू," तो खाली बघत म्हणाला. "माझ्यात नसंल तर ती सुटली."

म्हणजे त्या दिवशी पडवीत त्याने सगळं ऐकलं होतं. मी सांगितलं, आधी माझं रक्त, त्यात दोष सापडला तरच तुझी पाळी. त्याने मान हलवली, तरीपण येतो म्हणाला, आणि ओट्यावर बसून चहा घेऊ लागला. शर्टाची बाही त्याने घरूनच दुमडून आणली होती. कोवळ्या उन्हात त्याच्या हातावरची हिरवी शीर ठळक दिसत होती, थेट आईच्या हातावर दिसायची तशी.

राग माझा कमी झाला नव्हता, तसूभरही नाही. फक्त तो कुणाच्या दारात नेऊन ठेवावा, हे आता मला कळेना. मी चपला घातल्या.