मिसेस हॅरिस यांचं पुढचं दार

बाल्टिमोरहून ड्रॉइंग दुसऱ्यांदा नामंजूर होऊन आलं, तेव्हा मंचरला लोडशेडिंग चालू होतं. कॉम्प्युटर बंद. देशपांडे सरांनी पुण्याहून फोनवरच शेरा वाचून दाखवला, "दगडी पायऱ्यांना हात लावायचा नाही."

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. अमेरिकेतला टॉम नावाचा आर्किटेक्ट फोटो आणि मापं पाठवायचा. सरांचं ऑफिस ते काम आम्हाला द्यायचं. आम्ही म्हणजे मी आणि बाळूभाऊ, दोघंही ड्राफ्ट्समन.

बाल्टिमोरमधली ती वस्ती जुनी. विटांची घरं, जुन्नरच्या पेठेतल्यासारखी भिंतीला भिंत लावून. अशा वस्त्यांवर तिथे एक कमिटी असते. रस्त्यावरून दिसणारं काहीही बदलायचं तर तिची परवानगी लागते; तो शेरा तिचाच. मिसेस हॅरिस तिथे एकट्या राहायच्या. पडल्या, खुबा मोडला, व्हीलचेअर आली. दार रस्त्यापासून तीन फूट उंच. रॅम्पला एक इंच चढासाठी एक फूट लांबी लागते, म्हणजे छत्तीस फूट. पुढे तेवढी जागाच नव्हती. दवाखान्यात जायचं झालं की शेजारी त्यांना उचलून न्यायचे. एरवी त्या घरातच.

"पायऱ्या फोडा म्हणावं गपचूप," बाळूभाऊ म्हणाले.

"तिकडं तसं चालत नाही, भाऊ," मी म्हणाले.

मी घराच्या मागच्या बाजूचे फोटो मागवले. जमीन मागे चढत गेलेली, आहुप्याकडच्या डोंगरउतारावरच्या घरांसारखी. स्वयंपाकघराचं दार मागच्या बोळाच्या जवळजवळ पातळीत होतं. तिथे छोटासा रॅम्प काढून दिला. टॉम खूश, सर खूश. कमिटीचीही हरकत नव्हती.

संध्याकाळी सरांनी फोन जोडून दिला. पलीकडे खुद्द मिसेस हॅरिस.

"ड्रॉइंग तू काढलंस? छान आहे. पण मला नको."

"का, मॅडम?"

"माझी आई याच गल्लीत घरकाम करायची. आम्हा काळ्या लोकांना तेव्हा मागच्या दारानंच यावं लागायचं. मी हे घर घेतलं ते पुढच्या दारानं आत जायला."

फोन ठेवल्यावर बाळूभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "बाईचं खरं हाय. आमच्या आज्याला बी वाड्यात मागनंच जावं लागायचं."

सर फोनवर म्हणाले, "अहो, कमिटी पास करतेय. आपलं काम झालं."

"राहणाऱ्या बाई नको म्हणतायत, सर. मी परत काढते."

पुढचे सगळे फोटो मोठे करून पाहिले. पायऱ्यांच्या शेजारी, तळघरात उजेड जावा म्हणून खणलेला एक खड्डा होता, वर लोखंडी जाळी. त्यात व्हीलचेअर उभी राहील असा लिफ्टचा पाट बसवला तर? खाली असताना तो फुटपाथच्या पातळीत राहील. बटण दाबलं की दारासमोरच्या ओट्यापर्यंत चढेल. टॉमनं जाऊन खड्डा मोजला. अरुंद निघाला. मी पाट आडवा फिरवला, तरी बसेना. शेवटी बाळूभाऊंनी पाटाचा कठडा बाहेरच्या अंगाला घ्यायला सुचवलं आणि जमलं.

कमिटीनं एकच विचारलं, "उद्या लिफ्ट काढली तर?"

"घर होतं तसंच राहील. एकही दगड हलवलेला नाही," टॉमनं सांगितलं.

ड्रॉइंग पास झालं. काही महिन्यांनी फोटो आला. मिसेस हॅरिस डोक्यावर हॅट घालून ओट्यावर, चर्चला निघालेल्या.

नियमात बसणारं ड्रॉइंग पास होतं. पण ते माणसाला चालेल का, हे कमिटी सांगत नाही. ते त्या माणसालाच विचारावं लागतं, आणि शक्यतो आधी.