शेवटी बोलणारा मुकादम

अवजड यंत्रं हलवणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणजे आवाज मोठा आणि ऐकून घ्यायचं नाव नाही, असा बहुतेकांचा समज असतो. एका टोळीचे मुकादम, ज्यांना सगळे बाबा म्हणत, ते मात्र कामाच्या जागी पोचले की एका कडेला उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "बोला." टोळीत सगळ्यांत नवा जो असेल त्यानं आधी सांगायचं, हे ओझं हलवताना त्याला कशाची भीती वाटते. मग त्याच्याहून जुना, मग त्याच्याहून. हुज्जत व्हायची, टिंगल व्हायची, गिऱ्हाईक घड्याळाकडे बघून कातावायचं. बाबा ढिम्म. सगळ्यांचं झालं की ते बोलणार आणि मग तेच ठरणार. त्यांच्या मुकादमीत कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नाही, हे त्यांची लेक भेटेल त्याला छाती फुगवून सांगायची.

बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मुकादमी लेकीकडे आली. ती वर्षानुवर्षं याच टोळीत दोर ओढत होती, त्यामुळे कुणाची ना नव्हती. पहिलं काम एका छापखान्याचं. हत्तीएवढं जुनं यंत्र वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली उतरवायचं होतं. बाबा "नुसतं बघायला" म्हणून काठी टेकत आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

आता बाप बघतोय, छापखान्याचा मालकही 'या बाईला जमेल का?' अशा नजरेनं बघतोय, म्हटल्यावर बाईंच्या अंगात संचारलं. खोलीत पाऊल टाकताच तिनं फर्मान सोडलं, "खिडकीवरच्या तुळईला साखळी बांधायची, यंत्र बाहेर झुलवायचं आणि हळूहळू खाली सोडायचं. कुणाचं काही आहे?"

कुणाचं काही नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्याच दिवशी वचक बसला म्हणून ती मनातून खूश झाली. साखळी चढली, आकडा अडकला, आता फक्त भार घ्यायचा बाकी होता.

आणि तेवढ्यात तिला काहीतरी खटकलं. ही तीच माणसं, जी साधं कपाट उचलायचं तरी तासभर भांडायची. आज एकाचीही तक्रार नाही? म्हणजे आपण आधी बोललो आणि सगळ्यांची तोंडं शिवून टाकली. खाली रस्त्यावर टोळीतलेच दोघं दोर धरून उभे होते, बरोबर खिडकीखाली.

"थांबा! साखळी सोडा," ती ओरडली. "चुकलं माझं. मी आधी बोलायलाच नको होतं. आता तुम्ही बोला."

मालकाचं डोकं फिरलं. "अहो, हा काय पोरखेळ आहे का? गाडी दारात उभी आहे!" म्हाताऱ्यालाच विचारावं म्हणून तो कोपऱ्याकडे वळला, तर स्टूल रिकामं. जिन्यावरून काठीचा आवाज खाली खाली जात होता.

बाप रागावून गेला, अशीच तिची समजूत झाली. पण टोळी समोर उभी होती, म्हणून ती सगळ्यांत नव्यापासून सुरुवात करून एकेकाला विचारत गेली. घुम्याची पाळी आली. दिवसभरात चार शब्द बोलला तर नवल, असा हा गडी. तो पायाकडे बघत म्हणाला, "खिडकीच्या कट्ट्यावर पिठासारखा भुसा पडलाय. तुळईतून पडतोय."

"अरे, मग मघाशी का नाही बोललास?"

"तुझं ठरलं होतं ना, ताई. मी कशाला मधे नाक खुपसू?"

तिनं पहारीचं टोक तुळईला लावलं. रंगाचा पापुद्रा फुटला आणि पहार पावात शिरावी तशी आत गेली. वाळवीनं आतून सगळं खाऊन टाकलं होतं. मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानंतर तो स्वतःच्या हातानं सगळ्यांना चहा देत होता. यंत्र सुटं केलं आणि जिन्यात फळ्या टाकून, सरकवत सरकवत उतरवलं. संध्याकाळ झाली, पण कुणाला साधं खरचटलंही नाही.

घरी आली तेव्हा आईनं दार उघडलं.

"बाबा रागावलेत का गं?"

"रागावलेत? अगं, हसत हसत आले, जेवले आणि आडवे झाले. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा."

आतून घोरणं ऐकू येत होतं. तिनं जाऊन त्यांना गदागदा हलवलं. "अर्ध्यातून का निघून आलात? जीव टांगणीला लागला होता माझा!"

"तू काम थांबवलंस ना? मग मी तिथं बसून काय माशा मारू?"

"अहो बाबा, यंत्र उतरलं की नाही, ते तरी विचारा!"

"त्यात काय विचारायचं?" बाबा म्हणाले, आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागले.