पोतारलेलं गाव

मी तेव्हा आर्मी मेडिकलमध्ये मेजर होते. कापसाने माणसं बुडवलेली ती वर्षं. यवतमाळ जिल्ह्यात लहान मुलं तापाने जात होती. सकाळी ताप, दुपारी झटके, दुसऱ्या दिवशी सगळं संपलेलं. संशय वाळूमाशीवर होता. ही डासापेक्षा लहान, केसाळ, भिंतीच्या भेगांत राहणारी. गावोगाव माशी पकडायची, जात ओळखायची, नकाशावर ठिपका द्यायचा, ही माझी ड्यूटी. ठिपका पडेल तिथे फवारणी. औषध थोडं, गावं फार.

पोटावरचे केस उभे असले तर माशी संशयित. आडवे असले तर ती बहुधा पालींवर जगणारी, सोडून द्या. एवढं कळत होतं म्हणून माझा, मेजरबाईंचा, रुबाब बघा: कडक इस्त्री, काळा गॉगल, आणि तो अंधाऱ्या गोठ्यातसुद्धा डोळ्यांवर!

आर्णी-दिग्रसच्या मधल्या एका गावात आम्ही पहाटे पोचलो. घरं लख्ख. मी चावडीसमोर स्वच्छतेवर भाषण ठोकलं. टाळ्याही घेतल्या. मग टॉर्च आणि काचनळी घेऊन घरं, गोठे पालथे घातले. एक माशी नाही.

वायरलेसवर आमचा तळ, अल्फा, विचारत होता, "ब्राव्हो, कलेक्शन? ओव्हर."

"निल. ओव्हर."

"स्प्रे पार्टी उमरखेडला वळवतोय. अकरापर्यंत कन्फर्म करा. आऊट."

हवालदार कदमने भिंतीवर बोट फिरवलं. "मॅडम, ओली आहे."

दारातली म्हातारी हसली. "फौज येऊन राह्यली म्हनून कालच पोतारलं जी सारं गाव. पावन्याले का भेगा दाखवाच्या?"

आमच्या मानासाठी सगळ्या भेगा मातीने लिंपल्या होत्या. आणि मी त्याचंच कौतुक केलं होतं.

"न पोतारलेलं एकही घर नाही?"

तिचं हसू गेलं. "रंजूचं हाय. सुतक हाय तिथं."

रंजू सात वर्षांची. आठवड्यापूर्वी त्याच तापाने गेली होती.

तिची आई उंबऱ्यात बसली होती. मी गॉगल काढला.

"ताई, भिंत बघायची आहे."

"कायले?"

मी सांगितलं. ती उठली, आम्हाला कोपऱ्यात घेऊन गेली. "इथं निजे." जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीला केसांच्या तेलाचा डाग होता. त्याच्या वरच भेग. आईने माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि स्वतः धरला. उजेड जरासुद्धा हलला नाही. भेगेत पंख उभारून तीन माश्या बसल्या होत्या. कदमने नळीने ओढून घेतल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली केस उभे.

"अल्फा, पॉझिटिव्ह. स्प्रे पार्टी इकडे पाठवा. ओव्हर."

"मले दाव," आई म्हणाली. भिंगाला डोळा लावून ती बराच वेळ वाकून राहिली. "हेच व्हती?"

"जात हीच. हीच होती का, ते नाही सांगता येत."

"एवढीशी," ती म्हणाली.

दुपारी फवारणी झाली. नियमाप्रमाणे मी घरोघरी ऑर्डर दिली: अडीच महिने भिंती पोतारायच्या नाहीत, नाहीतर औषध मातीखाली जाईल. गावात कुरकुर झाली. रंजूच्या आईने मात्र विचारलं,

"म्हंजे सुतक फिटलं तरी नाही पोताराचं?"

"नाही."

"मंग तो डाग राहीन?"

"राहील."

ती आत गेली. कदम दाराशी सावधान उभा राहिला आणि त्याने तिच्या पाठमोऱ्या आकृतीला सलाम केला. मेजरबाईंचा हात वर गेला नाही. सलामाला लागणारा रुबाब तोवर उतरला होता.

त्या मोसमात त्या गावातलं दुसरं मूल गेलं नाही. नकाशा पुढे छापला गेला. त्यातले बाकीचे ठिपके शाईचे आहेत. रंजूचा मला अजून तेलाचा दिसतो.