तेलाच्या दोन नळ्या

माझा थोरला भाऊ फौजेतून परत आला तेव्हा त्याचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजव्यात थोडंसं उरलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत अगदी जवळ गोळा फुटला होता. अंगावर एक ओरखडा नव्हता, त्यामुळे गावात पुष्कळांना वाटे, हा मुद्दामच ऐकत नाही. आमचं गाव हिंगोलीकडं, साखऱ्याच्या बाजूचं. बौद्धवाड्यातल्या घरात आई, दादा आणि मी. मी नुकतीच मास्तरीण झाले होते, आणि शाळा मिळाली ती नऊ मैलांवरच्या तांड्यावर. तिकडे एस.टी. जात नव्हती.

दादानं फौजेच्या लिलावातली जुनी विलायती मोटारसायकल आणली, ती माझ्यासाठी. रोज सकाळी तो मला सोडायचा आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच थांबायचा. तांड्यावरचे लोक त्याला फौजी म्हणत. कंदील, सायकली, फवारणीचे पंप त्याच्यापुढं आणून ठेवत आणि त्याच्या उजव्या कानाशी वाकून काय बिघडलंय ते सांगत. गावात एवढे कष्ट कोणी घेत नव्हतं. तांड्यावर तो हसायचा. हे मला दिसत होतं, तरी त्या वर्षी मी बदलीचा अर्ज केला.

लोकांना मी रस्त्याचं कारण सांगत असे. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरायची, आम्ही दोघं गाडी ढकलत जायचो आणि गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या पातळात मी वर्गात उभी राहायची. ते खोटं नव्हतं. पण मी त्याच्या कानात ओरडून ओरडून थकले होते. वर्गात ओरडायचं, वाटेत ओरडायचं, घरीही ओरडायचं. मला एखादी खोली हवी होती जिथं हळू बोलता येईल.

वार्षिक परीक्षेच्या दिवसांत गाडीतून तेल गळायला लागलं. शाळेतून घरी आले की माझ्या पातळाचा काठ काळा झालेला असे. दादानं गाडी लिंबाखाली घेतली आणि मला दाखवलं. सीटखालच्या टाकीतून इंजिनात तेल नेणारी एक रबरी नळी आणि इंजिनातून तेच तेल परत वर आणणारी दुसरी. दोन्ही उन्हानं कडक होऊन जागोजाग तडकल्या होत्या.

"ह्या बदलायला पायजेत," तो म्हणाला. "जूनमधी शाळा उघडायच्या आत करून टाकू."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझी ऑर्डर आली. बदली कुरुंद्याला, जूनमध्ये हजर व्हायचं. मी ती ट्रंकेत पुस्तकाखाली ठेवली. दादाला काही सांगायचं म्हणजे सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं सांगावं लागे, म्हणून आज नको, उद्या बघू, असं करत राहिले. कागद नुसता त्याच्या हातात देता आला असता. तेही केलं नाही.

तो मात्र नळ्यांच्या मागे लागला होता. तेलाला टिकणारं रबर, वर कापड विणलेलं, फौजेत मिळायचं तसं हवं होतं. हिंगोलीत दोन चकरा झाल्या, जवळा बाजारला आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊन आला. शेवटी पाण्याच्या पंपाची काळी नळी घेऊन आला.

"हे रबर तेलात फुगतं," तो स्वतःच म्हणाला. "पर दुसरं हाय कुठं? एक पावसाळा निघंल."

दोन दिवस तो लिंबाखाली बसून होता. टाकी सोडवली, रॉकेलनं धुतली, जुन्या नळ्या मापाला ठेवून नव्या कापल्या. उलटसुलट लागू नयेत म्हणून खाली जाणाऱ्या नळीला लाल दोरा बांधला. आत हवा राहिली तर इंजिन कोरडं चालतं, म्हणून नळीत थेंब थेंब तेल भरत गेला. आई भाकरी घेऊन गेली तर हातानंच थांब म्हणाला. मी दारातून बघत होते. बदलीचं सांगायचं तर तीच वेळ होती.

गाडी चालू झाल्यावर त्यानं टाकीचं झाकण उघडून मला बोलावलं. आत परत येणाऱ्या नळीच्या तोंडातून तेल थुईथुई पडत होतं. "येऊन राहिलं बघ," तो म्हणाला. मी मान हलवली.

आठ-दहा दिवस गाडी बरी चालली. मग एका सकाळी तो म्हणाला, तांड्यापर्यंत जाऊन येऊ, लांबच्या रस्त्याला कशी चालती ते कळंल. मी मागं बसले. सहा मैल गेल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीतरी खडखडू लागलं, डब्यात खडे हलवावेत तसं. दादानं मान तिरपी केली.

"आवाज कसा हाय, बाई?"

गाडीवर त्याचे कान मीच होते, हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "बराबर हाय."

का म्हणाले, ते आजही नीट सांगता येत नाही. तिथं थांबलो असतो तर तो पुन्हा नळ्या सोडवायला बसला असता, पुन्हा हिंगोली, पुन्हा जवळा बाजार. आणि ऑर्डर ट्रंकेत पडून होती.

ओढ्याच्या चढावर मागचं चाक एकदम जाम झालं. आम्ही दोघं फुफाट्यात पडलो. माझं कोपर खरचटलं. तो उठून आधी माझ्याकडं आला, हात चाचपून पाहिला, मग गाडीकडं गेला. खाली जाणारी नळी ओढून काढली. आतलं रबर फुगून तिचं तोंड जवळजवळ बंद झालं होतं. किक मारायला गेला तर ती हललीसुद्धा नाही; तेलाविना इंजिन आतून धरलं होतं.

"पायाला हादरा येगळा लागत व्हता मला," तो म्हणाला. "तू बराबर म्हणली, मंग म्या सोडून देलं."

मी मागून गाडीला हात लावला. गाडी ढकलत घरी पोचायला दुपार टळली.

चार दिवसांनी मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला.

"कवा आली ही?"

"महिना होत आला."

त्याला ऐकू गेलं नाही. मला ओरडून सांगावं लागलं. चुलीपाशी आईचे हात थांबले.

"म्हंजे नळ्या टाकायच्या आदी," तो म्हणाला.

"व्हय."

"सांगायचं व्हतं."

एवढंच. मग तो कागद घडी घालून परत देऊन अंगणात गेला.

कुरुंद्याला ट्रंक पोचवायला तोच आला. खोलीला कडी नव्हती, ती बसवून दिली आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत गेला. पुढं त्यानं जवळा बाजारच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये राखणदाराची जागा मागितली. राखणदाराला ऐकू यायला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. पायी तांड्यावर जाऊन बस, असं आईनं पुष्कळदा म्हटलं. तो गेला नाही. गाडीचं इंजिन त्यानं उघडलंही नाही, आणि आईनं एका उन्हाळ्यात भंगारवाल्याला बोलावलं तेव्हा तो घरातून बाहेर आला नाही.

खोलीत मला हळू बोलता येत होतं, पण बोलायला कोणी नव्हतं. दिवाळीत आणि मेमध्ये घरी जायची. तो भिंतीला टेकून बसलेला असे. दाढी वाढलेली, समोर काही नाही.

"किती दिस हाईस?" तो विचारी.

मी बोटं दाखवायची. तो मान हलवी आणि पुन्हा भिंतीला टेके.