कंपनीचा बोर्ड

कामशेतला सायकलचं दुकान असलेले एक भाऊ आहेत. रविवारी लोणावळ्याकडं सायकल मारताना मी तिथं थांबतो. बोलताना ते हातातला पाना सारखा बाकावर आपटत असतात. राग आला की मात्र आपटणं थांबतं.

त्यांची लेक ट्रॅकवर शर्यती खेळते. ट्रॅकच्या सायकलला गिअर नसतात, ब्रेकही नसतात. तिला फ्रेमच वेगळी लागते. लेकीच्या जुन्या फ्रेमला तडा गेला, तेव्हा भाऊंनी ज्या सायकल कंपनीची एजन्सी घेतली होती, तिच्या माणसाकडं नवी मागितली. मध्यंतरी एकदा तो दुकानात आला, तेव्हा मी तिथंच होतो, लेकही होती.

"साधी ॲल्युमिनियमची आम्ही बंद केली," तो म्हणाला. "आता फक्त कार्बनची. मागणीच नाही, भाऊ."

कार्बनच्या फ्रेमच्या किमतीत इथं मोटारसायकल येते.

पाना थांबला. लेकीकडं बोट करून भाऊ म्हणाले, "मंग ही कोन हाय? दिवाळीपास्नं मागतोय मी. तुमी वर कळवलं तरी का?"

तो मोबाईल बघू लागला. भाऊ स्टुलावर चढले आणि दारावरचा कंपनीचा बोर्ड खोलायला लागले.

"अहो, एजन्सी जाईल तुमची."

"जाऊ दे. लय मिरवलं तुमचं नाव."

एजन्सी खरंच गेली. फ्रेम अजून मिळालेली नाही. लेक मैत्रिणीची सायकल मागून सराव करते. बोर्डाच्या जागी भाऊंनी लाल रंगात लिहिलंय, 'ट्रॅकची फ्रेम मिळत नाही. का, ते विचारा.' पुण्याहून येणारे सायकलवाले गंमत म्हणून विचारतात. भाऊ त्यांना पहिल्यापासून सगळं सांगतात, आणि ते पुरतं ऐकून घेतल्याशिवाय कुणाच्याही चाकात हवा भरत नाहीत.